वीज आहे, मंजुरी यायची आहे

लोणावळ्याला थांबायची कारणं पिढ्यानपिढ्या ठरलेली होती. चिक्की, कांदाभजी, पावसाळ्यात भाजलेलं कणीस, आणि घाट चढून आल्यावर उकळत्या रेडिएटरपुढे बोनेट उघडून उभं राहणं. यातलं शेवटचं कारण आता जवळजवळ संपलं. त्याच्या जागी गेल्या पाच-सहा वर्षांत चार्जिंग आलं. चार्जिंगला थांबलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. बाकीचे पर्यटक दरीकडे तोंड करून उभे असतात, याची दरीकडे पाठ असते. ड्यूक्स नोजवरचं धुकं सरलं, राजमाची उघडी पडली, धबधबे दिसू लागले, तरी याची नजर मशिनच्या पडद्यावरून हलत नाही. बायको म्हणते, "अहो, बघा तरी, काय सुंदर दिसतंय!" तो म्हणतो, "अडुसष्ट."

त्याची चूक नाही. तो नुकताच बोरघाट चढून आलेला असतो.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरची चढण आहे. विजेची गाडी आणि आतली पाच माणसं मिळून १,७०० किलो धरली, तर हे वजन नुसतं वर उचलायलाच सव्वादोन-अडीच युनिट वीज लागते. रस्त्याचं घर्षण, वारा आणि मागच्या सीटवरून "एसी वाढवा" म्हणणाऱ्या आत्या वेगळ्या. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या, पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावात बनणाऱ्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. म्हणजे चढणीपोटीच आठ टक्के गेले. पण खरा घोळ आठ टक्क्यांचा नसतो. "अजून किती किलोमीटर जाईल" हा आकडा गाडीतला संगणक मागच्या काही किलोमीटरांच्या खर्चावरून काढतो. घाटात तो बघतो, की हा माणूस वीज उधळत सुटलाय, आणि त्याच दराने पुढचा अंदाज बांधतो. परिणामी खोपोलीत "पुण्यापर्यंत आरामात" म्हणणारी गाडी पूर्वी अमृतांजन पूल होता तिथे येताच "कामशेतपर्यंत बघू" म्हणू लागते. एसी बंद होतो, काचा खाली येतात, रेडिओ गप्प केला जातो. कुणीतरी मोबाइलचा चार्जरसुद्धा काढून ठेवतं. पठारावर आल्यावर आकडा आपोआप चढू लागतो, पण तोवर आत्या बोलायच्या बंद झालेल्या असतात.

या घाटाचा आणि विजेचा संबंध जुना आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी लोणावळ्यात १९११ साली झाली आणि १९१५ पासून लोणावळा, वळवण, शिरवट्याचं पाणी खोपोलीच्या वीजघरात कोसळून मुंबईच्या गिरण्या फिरवू लागलं. ते पाणीही साधारण तेवढ्याच उंचीवरून खाली येतं. तेव्हा हिशेब सोपा: एक गाडी घाट चढवायची तर कागदावर तिच्या वजनाइतकं पाणी घाटाखाली सोडावं लागेल. टर्बाइन, तारा, चार्जर, मोटर यांची गळती धरली तर दीडपटीहून थोडं जास्त. दहा हजार लिटरच्या टँकरात तीन गाड्या वर येतील. प्रत्यक्षात ग्रिडमध्ये कोळशाची वीज जास्त असते, त्यामुळे असं काही मोजून पाणी सुटत नाही. पण मे महिन्यात बंगल्यावर पाण्याचा टँकर मागवणाऱ्या गृहस्थाने, एका टँकरात आपली गाडी किती वेळा खोपोलीहून घरी आली असती, याचा हिशेब करायला हरकत नाही.

पेट्रोलवाले हे सगळं ऐकून समाधानाने हसतात. "आमच्यात ही चार्जिंगची भानगडच नाही." वास्तविक त्यांच्याही बोनेटखाली एक चार्जिंग केंद्र रात्रंदिवस चालू असतं. त्याला अल्टरनेटर म्हणतात. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो, बारा व्होल्टची बॅटरी भरतो, दिवे-पंखे-वायपर चालवतो. जुन्या गाड्यांत त्याची तक्रार सांगायला डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला एक लाल दिवा असायचा. या दिव्याची गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा थोडासा प्रवाह याच दिव्यातून जायचा. दिव्याचा बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच व्हायचा नाही. म्हणजे तक्रार सांगणारा गेला तर कामच थांबायचं. ही पद्धत इतर खात्यांत का आणली नाही, कळत नाही.

आता तिथेही संगणक बसला आहे. बॅटरीच्या ऋण टोकाला एक छोटा सेन्सर प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान मोजतो, आणि अल्टरनेटरने किती व्होल्ट द्यायचे ते इंजिनचा संगणक ठरवतो. चढावर इंजिनाला ओढ बसलेली असते, तेव्हा तो अल्टरनेटरला म्हणतो, जरा दम धर. उतारावर पाय काढला की म्हणतो, आता भर हवी तेवढी. बचतीच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. पण सिगारेट लायटरच्या भोकात व्होल्टमीटर खोचून घाट चढणाऱ्या चौकस माणसाला चढावर साडेबारा आणि उतारावर पावणेपंधरा असे आकडे दिसतात, आणि तो तळेगावात पोचताच गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, "अल्टरनेटर गेला." सांगितलं की अल्टरनेटर खरंच जातो. मेकॅनिक तो काढतो आणि नवा बसवतो. नवाही चढावर साडेबारा दाखवतो.

खरोखर बिघाड झाला तर संगणक त्याचा क्रमांक नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावला की तो वाचता येतो. पी-०६२० म्हणजे अल्टरनेटरच्या नियंत्रण सर्किटात गडबड. पी-०५६२ म्हणजे गाडीचं व्होल्टेज कमी. स्कॅनर हाती आला की मालकाला वाटतं, आता मेकॅनिकची गरजच उरली नाही. पण व्होल्टेज कमी आहे एवढंच संगणकाला ठाऊक असतं. पट्टा सैल आहे, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली आहे, की मागच्या वेळी कुणीतरी नट हातानेच आवळला आहे, हे त्याला दिसत नाही. ते कामशेतच्या गॅरेजमधल्या पोराला दिसतं. तो स्कॅनरकडे न बघता टर्मिनल हलवतो, आणि ते हलतं.

विजेच्या गाडीकडे परत येऊ.

चार्जिंगची बंदूक गाडीत खोचली की वीज सुरू झाली, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं काही होत नाही. आधी बोलणी होतात. बंदुकीतल्या बारक्या पिनांपैकी एकीला कंट्रोल पायलट म्हणतात. चार्जर मोकळा असतो तेव्हा या पिनेवर बारा व्होल्ट असतात. गाडीत खोचली की गाडीतल्या रोधामुळे ते नऊ होतात. चार्जरला कळतं, कुणीतरी आलं. मग चार्जर त्या तारेवर सेकंदाला एक हजार टिचक्या मारू लागतो. प्रत्येक टिचकी किती लांब, यावरून गाडीला समजतं की इथून जास्तीत जास्त किती प्रवाह घेता येईल. गाडीची तयारी झाली की ती आणखी एक रोध जोडते आणि नवाचे सहा होतात. सहा झाले की चार्जरच्या पोटात खट्ट आवाज होतो. तो आवाज आला की समजायचं, जमलं. लोणावळ्याच्या पावसात छत्री खांद्याने धरून या खट्टची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

या बोलण्यात एक बारीक काळजी घेतलेली आहे. गाडीतल्या त्या रोधांआधी एक डायोड असतो, त्यामुळे टिचकीचा वरचा अर्धा भाग खाली येतो आणि खालचा अर्धा, उणे बारा व्होल्टचा, जसाच्या तसा राहतो. दोन्ही अर्धे सारखेच खचले तर चार्जर ओळखतो, की समोर गाडी नाही, कुणाचं तरी ओलं बोट आहे किंवा भोकात पाणी शिरलंय. जुलैतल्या मावळात या डायोडला बरंच काम पडतं.

महामार्गावरच्या मोठ्या डीसी चार्जरवर टिचकी मुद्दाम अगदी आखूड ठेवतात, पूर्ण वेळेच्या पाच टक्के. त्याचा अर्थ, "असं खुणांनी नको, नीट बोलू." मग त्याच तारेवरून गाडी आणि चार्जर यांचा संगणकी संवाद सुरू होतो. पहिला प्रश्न, आपण नक्की एकमेकांशीच बोलतोय ना? कारण शेजारच्या खांबाला लागलेल्या गाडीचं बोलणंही पुसटसं ऐकू येतं. म्हणून ते आवाज कुणाचा जास्त स्पष्ट येतो ते मोजतात आणि मगच पुढे सरकतात. त्यानंतर चार्जर केबलवर चढं व्होल्टेज टाकून, वीज कुठे झिरपत तर नाही, हे तपासतो. मग गाडी मागते आणि चार्जर देतो. मागणी सेकंदाला अनेकदा बदलते. इथे एक समजूत दूर करायला हवी: किती वीज जाणार ते चार्जर ठरवत नाही, त्याच्या ताकदीच्या मर्यादेत गाडी ठरवते. "तुमचं मशिन स्लो आहे" म्हणून वॉचमनवर ओरडणाऱ्या साहेबांची बऱ्याचदा गाडीच कमी मागत असते. मशिन बिचारं सगळं द्यायला तयार असतं.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते. मंजुरी.

चार्जर स्वतः काही ठरवत नाही. त्याच्या पोटात मोबाइलसारखंच सिम कार्ड असतं आणि तो दूर कुठल्या तरी सर्व्हरला विचारतो, की या ग्राहकाला वीज देऊ का? दोघांच्या बोलण्याचे नियम ओसीपीपी नावाने ओळखले जातात. हे काम नेदरलँड्समध्ये २००९ च्या सुमारास सुरू झालं. या नियमांत चार्जरने मधूनमधून "मी जिवंत आहे" असा निरोप धाडायचा असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. उत्तरादाखल सर्व्हर "बरं", "काळजी घे" असलं काही म्हणत नाही. फक्त किती वाजले ते सांगतो.

सह्याद्रीच्या घड्यांमध्ये रेंज म्हणजे देवाची कृपा. पवन मावळात एका वळणावर पूर्ण दांड्या, पुढच्या वळणावर एकही नाही. त्यामुळे असे प्रसंग येतात, की महावितरणची वीज आहे, चार्जर धडधाकट आहे, गाडी तयार आहे, खात्यात पैसे आहेत, आणि तरी काही होत नाही. कारण ओटीपी यायचा आहे. ग्राहक मोबाइल उंच धरून टेकाडावर चढतो. ओटीपी मिळतो, पण खाली येईपर्यंत त्याची मुदत संपते.

जागेवर सगळं ठरलं आणि वरून नामंजूर झालं, हे मावळाला नवीन नाही. राघोबादादांना पुण्यात पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट, ज्याचा आपल्या लोकांनी कौतुकाने इष्टुर फाकडा केला, तो पडला. तळेगाव गाठलं तर मराठ्यांनी गाव जाळून ठेवलेलं. माघारी फिरले तर वडगावात कोंडले गेले. तिथे महादजी शिंद्यांपुढे तह झाला, अटी ठरल्या, सह्या झाल्या. आणि मग कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्ज कळवतो, की असा तह करायचा अधिकारच त्या लोकांना नव्हता. स्थळ वडगाव, कनेक्शन झालं, मध्यवर्ती सर्व्हरने मंजुरी नाकारली. फरक एवढाच, की त्या वेळी नकार यायला काही महिने लागले.

चार्जर आपले दोषही याच सर्व्हरला कळवतो. ओसीपीपीच्या १.६ या आवृत्तीत दोषांची सोळा नावं ठरवून दिली आहेत. व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, तापमान जास्त, कुलूप बिघडलं, मीटर बिघडला, कार्ड वाचणारं यंत्र बिघडलं, सिग्नल कमजोर, अर्थिंग बिघडलं, अशी ती शहाणी यादी आहे. तीत एक 'रीसेट फेल्युअर' आहे: दुरुस्तीसाठी बंद-चालू करायला गेलो, तेही जमलं नाही. एक 'अदर एरर' आहे, म्हणजे यातलं काहीच नाही, पण काहीतरी आहे. सरकारी अर्जातल्या 'इतर' रकान्याचा अनुभव असलेल्याला हे पटेल. आणि सोळांपैकी एक 'नो एरर' आहे. दोष नाही, हा दोषांच्या यादीतला एक दोष. तर्काला धरूनच आहे म्हणा, कारण सगळं ठीक असल्याचंही कळवावं लागतं आणि रकाना रिकामा सोडायची सोय नाही. पण यादी करणाऱ्या डच अभियंत्याने पुण्यात काही दिवस काढले असावेत, अशी शंका येते.

चार्जिंग मध्येच थांबलं तर ते कुणी थांबवलं, याचीही वेगळी नोंद होते. 'सस्पेंडेड ईव्ही' म्हणजे गाडीने थांबवलं, 'सस्पेंडेड ईव्हीएसई' म्हणजे चार्जरने. भांडण लागण्याआधीच दोषी ठरवून ठेवणारी इतकी स्वच्छ व्यवस्था मावळात तरी दुसरी नाही; इथे बांध कुणी सरकवला याचा निकाल नातवाच्या काळात लागतो. पंचाईत एवढीच, की हा निकाल सर्व्हरला कळतो आणि सर्व्हर तिथे नसतो. तिथे पावसात उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं: काहीतरी चुकलं, कृपया पुन्हा प्रयत्न करा. यंत्र दोष लपवत नाही. इतक्या बारकाईने दोष सांगणारं यंत्र याआधी झालंच नव्हतं. फक्त ते सांगतं भलत्याला.

मधली जागा अर्थातच माणसं भरून काढतात. प्रत्येक चार्जरपाशी एक वॉचमनकाका असतात. त्यांना ओसीपीपीचं नावही ठाऊक नसतं.

"काका, मशिन बंद आहे का?"

"बंद न्हाय हो साहेब. ते लाल बटण बघा बरं आधी."

लाल बटण म्हणजे आपत्कालीन थांबा, चार्जरच्या अंगावर उठून दिसणारं लठ्ठ बोंड. दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं, आणि ते फिरवून बाहेर काढेपर्यंत मशिन दोषीच राहतं. ते दाबायला आपत्काल लागतोच असं नाही. सहलीला आलेल्या मुलाचं बोट पुरतं, किंवा फोटोसाठी टेकलेल्या मामांची पाठ. मुंबईहून कॉल सेंटरने "टेक्निशियन उद्या येईल" सांगितलेलं मशिन काका बोंड उजवीकडे फिरवून चालू करतात, आणि खुर्चीत जाऊन बसतात. दुसरं त्यांचं प्रभावी ज्ञान बंदूक सोडवण्याचं. चार्जिंग संपलं तरी बंदूक निघत नाही, म्हणून साहेब गाडीच्या बंपरला पाय लावून ओढतात. बंदूक गाडीने आतून खिळा घालून धरलेली असते, कारण शेकडो व्होल्टची तार कुणी मध्येच उपसू नये. काका लांबूनच ओरडतात, "गाडी अनलॉक करा, गाडी!" चावीचं बटण दाबलं की बंदूक हातात येते, आणि साहेबही मागे येतात.

१९४५ पासून ज्या लोणावळ्यात नौदलाच्या आयएनएस शिवाजीवर युद्धनौकांच्या इंजिनांचं शिक्षण दिलं जातं, त्या गावाला बिघाडाची भीती नसावी हे ओघानेच आलं.

मात्र चार्जरवरच्या गमती बंगल्यावरच्या गमतींपुढे काहीच नाहीत. तुंगार्लीत किंवा पवनेच्या काठी बंगला, आठवड्याची सुट्टी, आणि गाडीबरोबर मिळालेला छोटा चार्जर. हा विटेएवढा डबा गिझरच्या १५ ॲम्पियर सॉकेटात लावायचा. लावला, की डबा आधी बंगल्याची तपासणी करतो. आणि लाल दिवा लुकलुकतो. पुस्तिकेत बघितलं तर लिहिलेलं असतं: अर्थिंग नाही.

बंगला सांभाळणाऱ्या दादांना हा अपमान वाटतो. "साहेब, वीस वर्षं झाली. फ्रिज चालतोय, गिझर चालतोय, मोटर चालतीय. ताईंच्या लग्नात अख्खा मांडव याच्यावर चालला. कुणाची तक्रार नाय. तुमची गाडीच तेवढी नाजूक."

दादा म्हणतात ते शब्दशः खरं असतं. फ्रिजने कधी विचारलं नाही, गिझरने कधी विचारलं नाही. वीस वर्षांत त्या घरात आलेली आणि हिरवी वायर नक्की कुठे जाते असं विचारणारी गाडी ही पहिलीच. मग कामशेतहून वायरमन येतो. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, हे सगळ्यांना आठवतं. कुठे होता, यावर दोन मतं पडतात. पेव्हर ब्लॉक उचलल्यावर तो सापडतो. आतली पट्टी गंजून तुटलेली, आणि तुटलेल्या टोकाभोवती मुंग्यांची वसाहत. वायरमन नवा खड्डा घेतो, तांब्याची पट्टी सोडतो, मीठ आणि कोळशाचे थर देतो, वर पाणी ओततो आणि सांगतो, "उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा." जमीन सुकली की तिचा रोध वाढतो, म्हणून. लोणावळ्यात चार महिने ही काळजी आभाळ घेतं. एप्रिल-मेमध्ये दादा तुळशीला पाणी घालतात, तेव्हा गाडीच्या नावाने इथेही एक तांब्या.

सगळे वायरमन इतके धर्माला जागणारे नसतात. काही जण सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून देतात. दिवा लगेच हिरवा होतो, बिल कमी होतं, सगळे खूश. पुढे कधीतरी बाहेर न्यूट्रल तुटला, की सॉकेटातला फेज उपकरणातून फिरून अर्थच्या वाटेने गाडीच्या पत्र्यावर येतो, २३० व्होल्टांनिशी. असं करू नये. करणारा वायरमन पुन्हा बोलावू नये. विनोदी लेखातही काही वाक्यं सरळ लिहावी लागतात.

चार्जिंगच्या रांगेतला सगळ्यात मोठा तंटा मात्र कुठल्याच दोषाच्या यादीत नाही. तो ८० टक्क्यांचा आहे. बॅटरी भरत आली की गाडीचा संगणक मागणी कमी करत जातो, कारण भरलेल्या बॅटरीत जोराने वीज कोंबली तर तिचं आयुष्य घटतं. शेवटच्या वीस टक्क्यांना कधी कधी आधीच्या सगळ्याइतका वेळ लागतो. मागचा माणूस अदबीने म्हणतो, "साहेब, ऐंशी झालं ना?" पुढचा म्हणतो, "शंभर करायचंय. पुण्याला जायचंय." लोणावळा ते पुणे ६५ किलोमीटर. ऐंशी टक्क्यांत हा माणूस पुणे गाठून चिक्की विसरली म्हणून परत येऊ शकतो. पण त्याने नुकताच घाटात आकडा घसरताना पाहिलेला असतो, आणि त्या अवस्थेतल्या माणसाशी वाद घालू नये. २०२५ च्या राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली, २०२३ पासून एसटीच्या विजेवरच्या ई-शिवनेरी बस धावू लागल्या, तेव्हा रस्त्यावर विजेच्या गाड्या वाढत जाणार. रांगेत बोलायला विषय राहील.

शंभर टक्के करून मुंबईकडे उतरणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. उतारावर विजेच्या गाडीची मोटर उलटी जनित्र होते, गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते. बोरघाट उतरताना असं एखादं-दीड युनिट फुकट पदरात पडतं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे? संगणक पडद्यावर कळवतो, की ही सोय सध्या उपलब्ध नाही. साहेबांना वाटतं, गाडी बिघडली. जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळापाशी ते थांबतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात, आणि ड्रायव्हर मंडळी आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. साहेबही टाकतात. खोपोलीकडे निम्मं उतरेपर्यंत एक-दोन टक्के खर्च झालेले असतात, बॅटरीत जागा झालेली असते, आणि मघाचा दोष नाहीसा होतो. शिंग्रोबाचं एक गिऱ्हाईक वाढलं.

आणि एवढ्या सगळ्या थाटाच्या गाडीत कोपऱ्यात बारा व्होल्टची साधी बॅटरी असतेच. दारं उघडणं, पडदा लावणं, मोठी बॅटरी जोडणारा स्विच ओढणं, चार्जरशी बोलणं, ही सगळी कामं तिची. मोठ्या बॅटरीत ९० टक्के असले आणि ही छोटी बसली, तर गाडी जागची हलत नाही, आणि चार्जिंगही घेत नाही. पावसात तीन दिवस बंगल्यासमोर उभी राहिलेली गाडी सोमवारी सकाळी उठत नाही. ॲप उघडलं तर ते तीन दिवसांपूर्वीचा निरोप दाखवत असतं: सर्व ठीक.

अशा वेळी दूध टाकून परत निघालेला पिकअप टेम्पो उपयोगी पडतो.

"जंपर हाय माझ्याकडं," टेम्पोवाला म्हणतो.

"अहो, पण ही इलेक्ट्रिक आहे. हिला स्टार्टरच नाही."

"स्टार्टर नसंल. बॅटरी हाय ना?"

लाल चिमटा लाल टोकाला, काळा चिमटा पत्र्याला. गाडीचा पडदा उजळतो, आणि व्होल्टेज कमी असताना ज्या ज्या संगणकाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, तो तो आपली तक्रार मांडू लागतो. ब्रेकवाला, स्टिअरिंगवाला, एअरबॅगवाला, टायरमधल्या हवेवाला. ओळीमागून ओळ. टेम्पोवाला काचेतून वाकून बघतो.

"एवढं सगळं बिघडलंय?"

"नाही हो. यातलं काहीच बिघडलेलं नाही."

"मग सांगतीय कशाला?"

साहेब गाडी बंद करून पुन्हा चालू करतात. सगळ्या तक्रारी जातात, एक सोडून. मागचं दार उघडं आहे, असं ती म्हणत असते. टेम्पोवाला मागे जाऊन बघतो. दार उघडंच असतं, आणि आतला दिवा तीन दिवस चालू असतो.

"हे मातर खरं बोलली," तो म्हणतो, दार लावतो, आणि जंपर गुंडाळून टेम्पोत टाकतो.